टोमॅटोचा रक्तदाब

गावभर त्यांना 'बघूया डॉक्टर' म्हणत. नवा थर्मामीटर आला की तो आधी त्यांच्या स्वतःच्या जिभेखाली, मग बायकोच्या, आणि तिथून पुढे पेशंटच्या. तीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

त्या सकाळी टेलरमास्तर गळ्यातल्या टेपसकट आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवडे झाले. ठणठणीत आहे!"

"कोणी सांगितलं?"

मास्तरांनी मोबाइल पुढे केला. जावयानं ॲप घालून दिलं होतं. कॅमेऱ्यावर बोट टेकवलं की नाडी आणि रक्तदाब दोन्ही हजर.

मास्तरांचा थोरला भाऊ अशाच गोळ्या सोडून अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला होता. दुसरा कुणी डॉक्टर खेकसला असता. यांनी चष्मा पुसला.

"बघूया."

मनगट धरून, घड्याळ लावून त्यांनी ठोके मोजले. अठ्ठ्याहत्तर. ॲपही अठ्ठ्याहत्तर.

"अरे वा! नाडी पक्की आहे हो याची!" डॉक्टर मनापासून खूश झाले. मास्तरांची छाती फुगली.

मग दंडाला पट्टा आवळला. एकशेबहात्तर-शंभर. दुसऱ्या दंडावरही तेच. ॲप म्हणालं, एकशेवीस-ऐंशी.

"तुमचा पट्टाच म्हातारा झालाय," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी स्वतःचं बोट टेकवलं. एकशेवीस-ऐंशी. आतून बायकोला हाक मारली.

"अहो, भाजी चिरतेय मी!" म्हणत त्या आल्या, ओलं बोट पुसून टेकवलं. एकशेवीस-ऐंशी. त्यांच्या दुसऱ्या हातात टोमॅटो होता. डॉक्टरांची नजर त्याच्यावर खिळली.

"याला बरा करा लवकर," त्या म्हणाल्या, "मला चिरायचाय."

टोमॅटो कॅमेऱ्यावर बसला. ॲपनं बराच विचार केला. नाडी सापडली नाही. रक्तदाब मात्र एकशेवीस-ऐंशी.

मास्तर गळ्यातली टेप हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे जाड्या असो, बारक्या असो, सगळ्यांना एकाच मापाचा सदरा? आणि मी याच्याकडून माप घेतलं!" त्यांनी हात पुढे केला. "द्या ती गोळी. आत्ताच द्या."

पाण्याच्या घोटाबरोबर गोळी खाली उतरेपर्यंत डॉक्टर समोरून हलले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, मोबाइल जरा ठेवता का माझ्याकडे? नाडी खरी सांगतो हा. पण जिना चढून दम लागल्यावरही सांगतो का, ते..."

"अहो, वय काय तुमचं!" आतून आवाज आला.

डॉक्टर तोवर चौथ्या पायरीवर होते.