अर्जातला संगीताचा रकाना

मी लेखक नव्हे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा. तरी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो.

चेन्नईतल्या आमच्या कॉलेजच्या ब्रास बँडला कॉर्नेट, म्हणजे आखूड ट्रम्पेट, वाजवणारा एक जण हवा होता आणि मला ती जागा मनापासून हवी होती. अर्जात ‘संगीताची पार्श्वभूमी’ असा रकाना होता. माझ्याबरोबरच्या दोघांनी चर्चमधले गायन, पियानोच्या परीक्षा असे भरभरून लिहिले. माझे बाबा जॉर्ज टाउनच्या एका बँडतर्फे लग्नाच्या वरातीत कॉर्नेट वाजवतात; मला त्यांनीच शिकवले. पण ते लिहायची लाज वाटली. मी लिहिले, ‘काही नाही’.

चाचणीत समोर नोटेशनचा कागद आला. मला तो वाचता येईना.

“सर, कुणी एकदा वाजवून दाखवेल का?”

“तंबी, ही परीक्षा आहे, वरात नव्हे,” धाकट्या भावाला हाक मारावी तसे बँडमास्तर म्हणाले आणि सगळे हसले. तरी त्यांनी बँडमधल्या एकाला वाजवायला लावले.

बाबांच्या बँडमध्ये धून आधी सारेगमात गातात, मगच कॉर्नेट ओठांना लावतात. मी तसेच केले. एकही सूर चुकला नाही.

“कुणी शिकवलं?” मास्तरांनी विचारले.

“बाबांनी. ते वरातीत वाजवतात,” मी मोठ्याने सांगितले.

आठवडाभर काहीच कळले नाही. मग रविवारी मास्तरांचा फोन आला: मुख्य धून धरणारा पहिला कॉर्नेट मी वाजवणार होतो, आणि बाकीच्यांना कानाने धून उचलायला शिकवण्यासाठी त्यांनी बाबांना बोलावले होते.