सुगंतीचं पहिलं पत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. दाराच्या फटीतून टपाल आत पडलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. "अगं, कौन्सिलचं लेटर आहे, एवढी काय दचकतेस?" तो हसतो. काय सांगू त्याला?

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या संस्थेत होते. भारतात अभयारण्यांच्या कडेला आदिवासी लोक पर्यटक पाहुण्यांची घरगुती सोय करत. आम्ही इथे बसून त्यांच्या धंद्याचे आराखडे करायचो. मेळघाटातल्या सुगंतीचं काम माझ्याकडे आलं. ती कोरकू, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मी? मेळघाट फक्त नकाशात पाहिलेला! तरी मीच सुचवलं — बायका पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात, पाहुण्यांना सोबत न्यावं. अगदी शांतपणे, म्हणजे पाखरं ऐकू येतील. बॉस बाई खूश झाल्या. मग काय, मी हवेतच.

आराखडा मिळाल्यावर सुगंतीचं पत्र आलं. ऑफिसात मराठी वाचणारी मी एकटीच. झोपड्या शाकारल्या, पाण्याची सोय झाली, वगैरे. आणि शेवटी — "ताई, मोहाच्या दिवसांत पाहुणे नको. फुलांवर अस्वलं येतात. आम्ही बाया ओरडत जातो, मगच ती बाजूला होतात. तुम्ही तर गप चालायला सांगितलं."

मी पत्राचं इंग्रजी केलं. तेवढ्या ओळी सोडून.

"एनी प्रॉब्लेम्स?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली — नाही. व्हिसा वाढवून मिळायचा होता, हो. पण खरं सांगू? माझी कल्पना चुकली हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ठरल्याप्रमाणे करा, असं संस्थेकडून तिला कळवलं.

तिने केलं. एका पहाटे अस्वल अंगावर आलं. पाहुणे वाचले. पुढे चालणाऱ्या सुगंतीचा डोळा गेला, अर्धा चेहरा गेला.

ऑफिसात सगळे हळहळले. मीही हळहळले — सगळ्यांच्या देखत! आणि मनात एकच, कुणी ते पत्र मागितलं तर?

कुणी मागितलं नाही. काही महिन्यांनी तिचंच दुसरं पत्र आलं, तिच्या मुलीच्या अक्षरात. तक्रार नव्हती. एकच विचारलं होतं — ताई, माझं आधीचं पत्र तुम्हाला पोचलं होतं का?

पहिलं पत्र तेव्हा माझ्या खणात होतं. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं — नाही गं, पोचलंच नाही.