आप्पांची ट्राम

शिरूरच्या पेठेत जळालेल्या मोटरींना वाइंडिंग भरून देणारे आप्पा कामाला चोख, पण डोकं उठवणारा माणूस. कधीकाळी कांद्याच्या ट्रकबरोबर कलकत्त्याला गेले, तिथं ट्राम बघितली आणि तेव्हापासून शिरूरलाही ट्राम पाहिजेच म्हणून बसलेत. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की आधी त्याला दारात उभं करून रस्ता दाखवणार. वाढदिवसांचे फ्लेक्स, केबलची जळमटं, गटारावर आलेल्या पायऱ्या.

"हे समदं जाणार. वर एक तार, खाली दोन रूळ. बास!"

परवा माझ्या विहिरीवरची मोटर जळाली, ती आप्पांकडे टाकली. रानात झेंडू माना टाकत होता. कामाची चौकशी करायला गेलो, तर मोटर तशीच उघडी पडलेली आणि आप्पा शिडीवर चढून आपल्याच दुकानाचा पुढचा पत्रा कापतायत.

"आप्पा, माझी मोटर?"

"भरतो की. पत्रा रस्त्यात आलाय माझा. ट्राम काय वळसा घालून जाती व्हय? रूळ सोडता येत न्हाई तिला. आपुनच मागं सरायचं."

"अहो, शिरूरला कवा यायची ट्राम?"

"समदी मागं सरल्यावर."

मी कपाळावर हात मारून घेतला. अख्ख्या पेठेत दुसरं कुणी वीतभरही सरकलेलं नाही.

संध्याकाळी मोटर न्यायला गेलो, तर पत्रा कापून मोकळ्या झालेल्या जागेत एकानं मोटरसायकल आडवी लावलेली. माझं टाळकंच सरकलं.

"ए, काढ ती गाडी!"

"का? कोण यायचंय?"

"ट्राम!" मी ओरडलो.