लूसीबाईंना अहो, मला अरे

"लूसीबाई, सिट करा."

श्वान पथकातल्या आमच्या हवालदारांचं हे वाक्य नांदेडच्या अर्ध्या पोलीस लायनीला पाठ होतं. लूसीबाई म्हणजे चोरांचा माग काढणारी आमची कुत्री. हुकूम इंग्रजी, मान मराठी. ती बसली की ते माझ्याकडं वळायचे, "अरे ए, पाणी आण की!" मी त्यांच्या हाताखालचा शिपाई. कुत्रीला अहो आणि मला अरे! तुम्ही माझ्या जागी असता तर काय वाटलं असतं? मी जळत होतो. सरळ सांगतो, कुत्रीवर जळत होतो.

तिचं जेवण मी शिजवायचो, गोचीड मी काढायचो, जागा मी धुवायचो. हवालदार सकाळी यायचे आणि तिच्यापुढं वाकून विचारायचे, "झोप झाली का बाई?" माझी झोप झाली का, हे आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एकदा वैतागून मी म्हणालो, "ए लूसे, बस खाली!" हवालदार खवळले.

"त्या काय तुझ्या घरच्या हायत का? ड्युटीवरच्याला अहो म्हणावं!"

मग मी काय इथं लग्नाला आलोय? ओठांवर आलेलं गिळलं. बस्स, यांनी एकदा तरी मला अहो म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

हदगावकडच्या एका खेड्यात देवळातले दागिने गेले. लूसीबाईंनी नाक लावलं आणि कापसाच्या रानातून सुसाट सुटल्या. दोरी माझ्या हातात, म्हणून फरपटलो मी. कडब्याच्या गंजीखालून गाठोडं निघालं. गावानं आणलेला हार तिच्या गळ्यात, नारळ हवालदारांच्या हातात, माझ्या पायात काटा. पेपरातल्या फोटोत माझं फक्त कोपर आलं. आईनं तेवढ्यावरून ओळखलं म्हणा.

काटा त्यांनीच काढला, जीपच्या पायरीवर बसवून. "आंधळा हायस का रे? दे पाय." पुन्हा रे!

त्यांचं गाव उदगीरजवळ. तिकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळं घरदार शेतात जेवतं. ते मला दरसाल न्यायचे. तिथंही बायका-लेकरांदेखत, "ये रे, आंबील पी. लाजतोस काय!" मी आंबील प्यायचो आणि मनात धुमसायचो. लूसीबाईंना मात्र कधी आणलं नाही. "त्या ड्युटीवर हायत," म्हणायचे.

पुढं तिचे मागचे पाय थकले. निरोपाला काय थाट! मंडप, गालिचा, बँड. गेल्याच महिन्यात एका जमादाराला शाल-नारळावर वाटेला लावलं होतं. साहेबांनी तिला सलाम ठोकला, खात्याचा पट्टा स्वतः सोडवला. हवालदारांनी तिला घरी न्यायची परवानगी आधीच काढली होती. ते खाली बसले, तिच्या कानामागं खाजवलं आणि म्हणाले,

"चल गं माय, घरी."

मी चमकलो. "हे काय? आज बाईंना अरेतुरे?"

"उतरली की ड्युटी," ते म्हणाले. "घरच्याला कुणी अहो म्हणतं का रे, येड्या?"

मी नळावर गेलो आणि उगाच बराच वेळ तोंड धूत राहिलो.

वर्षभरात तेही निवृत्त झाले. लूसीनं त्यांच्या शेतातच प्राण सोडला, आणि तिच्यामागून तेही गेले. आता मी हवालदार आहे. नवे शिपाई मला "साहेब, तुम्ही बसा" म्हणतात. हवं होतं ते मिळालं.

यंदा येळवशीला मी त्यांच्या शेतात गेलो. आंबील तीच, आंबट. त्यांच्या मंडळींनी पेला पुढं केला. "घ्या भाऊजी, लाजू नका तुम्ही."

पेला घेतला. कडब्याच्या कोपीमागं, पूजेच्या त्या खोपटामागं, एकदा बघून घेतलं. "ये रे" म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.