चोराच्या करडाचा लिलाव

शकुबाईच्या तोंडी लागायची तांड्यात कुणाची छाती नव्हती. गोरेगावच्या बाजारातले बकऱ्यांचे दलालसुद्धा तिला लांबून बघूनच भाव सरळ सांगायचे. नवरा गेल्यावर बाईनं बकऱ्यांच्या जिवावर लेकरं वाढवली. रविवारी प्रार्थनामंदिरात ती पुढंच बसायची, आणि पाळकांचा उपदेश पटला की मधेच "बराबर!" म्हणून मोकळी व्हायची.

अशा बाईच्या बकऱ्या चोरल्या कुणी, तर सख्ख्या दिरानं. किसनसिंगनं गोठा मोकळा केला, परस्पर माल विकला आणि पसार झाला. शकुबाईनं त्याच्या नावानं बोटं मोडली, शिव्या दिल्या आणि पदर खोचून एका बकरीपासून पुन्हा कळप उभा केला.

काही वर्षांनी तो परत आला. इतके दिवस सिद्धेश्वर गावाकडं लोकांच्या बकऱ्या राखून राहिला होता. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं." शकुबाईनं धाडकन दार लावलं. मग दिवसभर ती स्वतःशीच भांडत बसली. संध्याकाळी दार उघडलं, तर हा तिथंच ओट्याखाली बसलेला.

"माफ केलं जा!" ती ओरडली. "पण गूळ वाटून न्हाई राहिले मी. कडू काढा पिऊन राहिले, ध्यानात ठेव!"

तिनं माफ केलं, तांड्यानं नाही. मंदिरात सतरंजीवर त्याला कुणी जागा देईना. शेवटी तो म्हणाला, "हंगामाच्या सणाला येतो, वहिनी. त्या दिवशी बी कुणी घेतलं न्हाई तर निघालो मी. पुन्हा तोंड दाखवणार न्हाई."

हंगामाच्या सणाला जो तो आपल्या पिकातलं पहिलं देवाला आणतो. कुणी हळद, कुणी सोयाबीन, कुणी कोंबडी. मग त्याचा तिथंच लिलाव होतो आणि ज्याची वस्तू त्याच्या नावानं टाळ्या पडतात. आणि ह्या येड्यानं काय आणावं? करडू! अहो, बकरीचोरानं करडूच आणावं?

मंदिरात खसखस पिकली. पंच नेमसिंगनं करडाचा कान धरून विचारलं, "हे कुणाच्या गोठ्यातलं, बाबा?" बोली कुणीच लावेना. किसनसिंगची मान छातीला टेकली.

शकुबाईलाही शंका आली. खरंच कुणाचं असलं तर? ती उठली आणि सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "खरं सांग, कुणाचं?"

"राखणीचं, वहिनी. मालकानं माझ्या वाट्याचं दिलं."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग गळ्यातली चांदीची हासळी काढली आणि ताटात टाकली.

"ही माझी बोली!"

"शकुबाई, एवढ्याशा करडाला हासळी? नवऱ्यानं केलेली हाये ती," नेमसिंग म्हणाला. "उचला, उचला."

"काहून उचलू? माझा नवरा देवाजवळ हाये, त्याची वस्तू बी तिकडंच जाऊ दे. हितं ठेवली तर चोर नेईल, न्हाईतर माझ्या सुना झिंज्या उपटतील. तिकडं ना चोर, ना सुना!"

बायका हसल्या. नेमसिंग मात्र हसला नाही. "आज करडू घेतलं तुमी. उद्या ह्यानं पुन्हा गोठा साफ केला मंजी?"

शकुबाई किसनसिंगकडं वळली. तो पोरासारखा रडत होता.

"रडतो काय? उद्यापासनं माझ्या सगळ्या बकऱ्या तू चारायला न्यायच्या. गोठ्याची किल्ली बी तुझ्याकडंच राहील." मग ती नेमसिंगला म्हणाली, "आन् पुन्हा नेल्या त्यानं, तर पुन्हा माफ करीन! बकऱ्या माझ्या हायेत, पंचाच्या न्हाईत. आता सरका जरा, त्याला बसू द्या."

नेमसिंग सरकला.