ड्रायव्हरबाईंची तपासणी

गल्लीत सगळे तिला ड्रायव्हरबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला मास्तर. फौजेत होती ती. डोंगरातल्या वळणांवरून रसदीचे ट्रक चालवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. मास्तरांनी आयुष्यभर शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. तरी सरकारी कचेरीतून कोणी आलं की हटकून मास्तरांनाच विचारी, "फौजी आपणच ना?" मास्तर आत बोट दाखवत. "फौज आतल्या खोलीत आहे. जरा जपून जा."

आता त्या फौजेची बोटं गाठी येऊन वाकली होती आणि गुडघे भार घ्यायला तयार नव्हते. मास्तरच तिला उठवत, आंघोळ घालत, केस विंचरत. हे बाहेर दिसू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. तिच्या प्रत्येक शर्टाची काजं बुजवून त्यांवर बटणं नुसती शोभेला टाकायची आणि आतून वेलक्रोची पट्टी लावायची. छातीवर तळहात दाबला की बाई तयार. बघणाऱ्याला वाटावं, या वयातही काय झटपट आवरते.

निवृत्त सैनिकांना घरी मदतनीस मिळायची सोय होती, जोडीदारालाही त्यात धरत. फक्त गरज खरी आहे का, ते कोणीतरी घरी येऊन बघून जाई. दुसरा रस्ता म्हणजे शहराबाहेरचा सैनिक निवास. तिथे खाट फक्त सैनिकाला. मास्तरांनी रविवारी भेटायला जायचं. एवढ्या वर्षांच्या संसाराचे असे दोन तुकडे करायचे, आणि वर त्याला सोय म्हणायचं.

आणि तपासणी म्हटल्यावर या बाईने काय करावं? अहो, हाडाचा फौजी तपासणीचं नाव काढलं की आजारपणातूनही उठून उभा राहतो. तिने वर्दीचा शर्ट इस्त्री करून घेतला, बूट चमकवून घेतले आणि मास्तरांनी उभं केल्यावर दाराच्या चौकटीला पाठ टेकून ताठ उभी राहिली. तपासणीच्या मॅडम तरुण होत्या, घाईतही होत्या.

"आजी, कपडे तुम्ही स्वतः घालता?"

"आजी कोणाची?" बाई म्हणाली आणि शर्ट उघडून एका फटक्यात बंद करून दाखवला.

"तुम्ही तर ठणठणीत आहात," असं म्हणून मॅडम गेल्यासुद्धा. मास्तर त्यांना दारापर्यंत पोचवून आले. नवरा-बायकोने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

पुढच्याच आठवड्यात तिला न्हाणीतून उठवताना मास्तरांची कंबर धरली. शेजारीण येईपर्यंत दोघं ओल्या फरशीवर बसून होती.

"आता तरी यांना निवासात ठेवा, मास्तर," शेजारीण म्हणाली.

"ठेवायला मी काय लोणच्याची बरणी आहे?" बाई फरशीवरूनच गरजली.

मास्तरांनी फेरतपासणी मागितली. मॅडम यायच्या त्या सकाळी त्यांनी वर्दीच्या शर्टाची पट्टी उसवून काढली आणि काजं मोकळी केली.

"हे काय केलंत?"

"खरा शर्ट केला."

"म्हणजे त्या पोरीपुढे मी फजिती करून घेऊ?"

"घे," मास्तर म्हणाले. बायकोपुढे जन्मात आवाज न चढवलेला माणूस. "फजिती करून घे, नाहीतर मला फक्त रविवारी भेट."

मॅडम आल्या, समोर बसल्या. बाईने आतल्या बनियनवर शर्ट चढवायला घेतला. एक बाही कशीबशी गेली, दुसरी खांद्याशी अडली. बटण धरलं, निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं तिचं ओठ घट्ट मिटून चाललं होतं. मास्तर स्टुलावर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण ते हात तिकडे धावत होते. त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

"राहू द्या," मॅडम हळूच म्हणाल्या.

"राहू द्या कशाला? तुम्ही लावा."

मॅडम गुडघ्यांवर बसल्या. शर्ट ओढला की बाईच्या खांद्यात कळ जाई आणि मॅडमचे हात थबकत. बटणं लागेपर्यंत त्यांना घाम फुटला.

"आता मला उठवा."

त्यांनी बगलेत हात घालून जोर लावला. बाई तसूभर हलली नाही.

"तुम्ही तरण्याताठ्या. तुम्हाला जमेना, ते हे रोज करतात," बाई म्हणाली. "नीट लिहून घ्या. माझी नोकरी कधीच संपली. यांची अजून चालू आहे, आणि यांना एका दिवसाचीही रजा नाही. मला मदत लागते. सांगताना मला लाज वाटते, ती माझी मी बघून घेईन. यांची कंबर गेली, तेही लिहा. आणि निवासाचं नाव काढू नका. या घरातून मी मास्तरांबरोबर निघेन, नाहीतर चौघांच्या खांद्यावरून."

मॅडमनी लिहिलं, दोघांचंही लिहिलं. मदतनीस लवकरच येऊ लागेल म्हणाल्या. मग स्टुलाकडे वळल्या.

"मास्तर, तुम्हाला काय लागतं?"

हा प्रश्न मास्तरांना आजवर कोणी विचारला नव्हता. "मला काय लागणार," असं सवयीने म्हणत ते उठायला गेले. कंबरेतून कळ आली आणि ते अर्ध्यावरच अडकले. बाई त्यांच्याकडे रोखून बघत होती.

"हात द्या जरा," मास्तर म्हणाले. "मला उठता येत नाही."