पप्पांच्या गाडीचं तिसरं चाक

“मागं जी बसणार हाय, तिला तरी विचारा की,” मिस्त्रींची बायको नवऱ्याला हळूच म्हणाली. दुकानाच्या दारात ती चहा गाळत होती. मला ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं असावं. मिस्त्रींनी मला काही विचारलं नाही. ते माझ्या पप्पांशी बोलत होते.

धाराशिवच्या बाहेर वेल्डिंगचं हे दुकान आहे. जुन्या मोटारसायकलीला इथं तिसरं चाक बसवून मिळतं. एक तर डाव्या अंगाला साईडकार जोडायची. चालवणारा गाडीवर आणि दुसरा शेजारच्या डब्यात. नाहीतर मागचं एक चाक काढून तिथं दोन टाकायची; मग गाडी पाय न टेकता उभी राहते. आम्हाला दोन्हींतलं एक ठरवायचं होतं.

पप्पांनी सगळी नोकरी बसच्या स्टिअरिंगवर काढली. रिटायर झाले आणि कानाचं दुखणं निघालं, त्यातून चक्कर. बेंबळीला घरी येताना ते मोटारसायकलवरून पडले. डॉक्टर म्हणाले, आता टू-व्हीलर चालवायची नाही. पप्पांनी ते शब्दाला धरून ऐकलं. “दोन चाकी नगं म्हणले. तीन चाकीला कुठं काय म्हणले?”

आईचं म्हणणं होतं, साईडकार घ्या, लेक चालवील, तुम्ही बसा. पप्पांना माझ्या स्कूटीवर मागं बसवून नेणं जमत नव्हतं. वळण आलं की ते उलट्या बाजूला कलायचे आणि गाडी माझ्या हातातून सुटायला बघायची. पण साईडकार म्हटलं की पप्पा उसळायचे. “डब्यात बसायला मी काय दुधाची किटली हाय व्हय?”

त्यांना अजूनही चक्कर येते, हे घरात मलाच माहीत होतं. यायच्या आधी ते मान उजवीकडं झुकवतात, कानात पाणी गेल्यासारखी, आणि डाव्या हातानं जे सापडेल ते धरतात. दाराची चौकट. फ्रिज. मग बाहेर कुणी आलंय का ते बघत होतो, असा चेहरा करतात. मी बघायचे आणि नजर वळवायचे. आमच्याकडं मी गप्प बसणारी म्हणूनच ओळखली जाते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी मराठी पुस्तकी आहे म्हणून चुलत भावंडं हसतात, आणि ते हसू ऐकण्यापेक्षा गप्प बसणं मला सोपं वाटतं.

मिस्त्रींनी आधी साईडकारची गाडी बाहेर काढली. रिकामा डबा वळताना वर उचलला जातो म्हणून त्यात वाळूचं पोतं टाकलं. “बसा ताई.” गिअरची गाडी पप्पांनीच मला शेतात शिकवलेली होती, पण ही गाडी वेगळीच निघाली. वेग दिला की डावीकडं ओढायची, ब्रेक दाबला की उजवीकडं. वळताना मी सवयीनं अंग कलवलं. गाडी वळलीच नाही, सरळ लिंबाच्या झाडाकडं निघाली. बुंध्याच्या अलीकडं कशीबशी थांबले.

“अगं कलतीस काय! हँडल फिरव, बस हाय समज,” पप्पा लांबूनच हसत ओरडले. मग मिस्त्रींना म्हणाले, “बघितलंत? हिच्या हातात जीव द्यायचा म्हणती हिची आई.”

मग दुसरी गाडी, मागं दोन चाकांची. पप्पा पुढं, मी मागं. पप्पांनी ती अशी झोकात काढली की क्षणभर मलाही वाटलं, हीच बरी. तेरच्या रस्त्याला लागलो. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. तेव्हा पप्पांची मान उजवीकडं झुकली.

डावा हात हँडलवरून सुटला आणि टाकीवर चाचपडायला लागला. गाडी डुगडुगली नाही, पडली नाही. तीन चाकांवर अगदी शांतपणे ती रस्त्याच्या मधोमध सरकत गेली. मी त्यांचा शर्ट मुठीत धरला. ट्रॅक्टरनं हॉर्न दाबून धरला, चाकं कडेच्या कच्च्यात उतरवली. उसाची पानं माझ्या दंडाला खरचटून गेली.

“ओ मामा, झोपला व्हय!” ट्रॅक्टरवाला मागून ओरडला.

पप्पांनी गाडी डावीकडं घेतली. पुढं गाडी वळवून आम्ही दुकानाकडं परत आलो.

“हँडल तेवढं जाम हाय,” उतरताना ते मिस्त्रींना म्हणाले. “ते ढिलं करा. बाकी झकास. हीच फायनल.” चहाचा ग्लास त्यांनी उजव्या हातात घेतला. डाव्या हातानं सीटची कड घट्ट धरली होती.

मिस्त्रींच्या बायकोनं मलाही ग्लास दिला. माझ्या दंडाकडं बघितलं. “तुमाला कशी वाटली, ताई?”

पप्पा माझ्याकडं बघत होते. बोलू नको, असं ते डोळ्यांनी सांगत होते. मला ट्रॅक्टरपेक्षा त्या नजरेची जास्त भीती वाटली. ग्लास मी खाली ठेवला.

“हँडल चांगलं आहे,” मी म्हणाले. “पप्पा, तुम्हाला चक्कर आली होती. साईडकारच घ्यायची. तुम्ही बसायचं, मी चालवणार.”